ओले केस, घट्ट वेण्या

तळोद्याला वसतिगृहात होते, तेव्हा भल्या सकाळी डोकं धुवायचं आणि ओल्या केसांच्याच दोन घट्ट वेण्या घालायच्या. दहावीपर्यंत कानशिलांजवळ केस विरळ झाले. मी दोष द्यायची बोअरच्या पाण्याला!

खरं कारण वेगळंच होतं. ओला केस जास्त ताणला जातो आणि पटकन तुटतो. त्यात मुळांवर रोज तोच ताण. याला म्हणतात ‘ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया’. लवकर थांबवलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर कायमचे जातात.

म्हणून आधी पंच्याने टिपा, वाळू द्या, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून विंचरा, वेणी सैल घाला. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटरच वाढतात, तेव्हा धीर धरा. माझे आले. धाकट्या बहिणीची वेणी आज जरा सैल घालाल ना?