डाग ओळखा, मग पुसा

ईद असो की दिवाळी, सण जवळ आला की घरोघरी साफसफाई सुरू होते. जाळी काढली जातात. फरशी घासली जाते. भिंतींना रंग दिला जातो. तरीही काही डाग हट्टी असतात. कितीही घासले तरी ते जात नाहीत. एखाद्या कोपऱ्यातला कुबट वासही तसाच राहतो. मग कोणीतरी म्हणते, "ॲसिड आणा!" पण थांबा. डॉक्टर रोग ओळखल्याशिवाय औषध देत नाहीत. डागाचेही तसेच आहे. डाग कशाचा आहे आणि तो कशावर पडला आहे, हे आधी पाहावे.

प्रथम फरशीचा विचार करू. आपल्याकडे अनेक घरांत शहाबादी फरशी असते. कर्नाटकातील शहाबाद या गावावरून तिला हे नाव मिळाले. ही फरशी म्हणजे चुनखडक. कोटा फरशी आणि संगमरवर यांतही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. अशा दगडावर लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड पडले की बारीक बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड वायू असतो. डाग निघाल्यासारखा वाटतो. पण खरे म्हणजे दगडच झिजतो. मग फरशी खरखरीत होते आणि तिच्यात मळ अधिक साठतो. म्हणून या फरशीला साबणाचे कोमट पाणी आणि ब्रश पुरेसा आहे. चकचकीत टाइल्सवर पाण्याच्या क्षारांचे पांढरे डाग पडतात. तेथे मात्र लिंबाचा रस उपयोगी पडतो.

आता डागाकडे वळू. तेल सांडले तर लगेच पाणी ओतू नका. त्यावर खडूची पूड किंवा मैदा पसरा. काही तासांनी ती पूड झाडून टाका आणि मग साबणाने पुसा. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, तर दुसरे पाण्याला. त्यामुळे तेल पाण्याबरोबर निघून जाते. दूध किंवा अंडे सांडले तर आधी थंड पाणी वापरा. गरम पाण्याने त्यांतील प्रथिने घट्ट होतात आणि डाग चिकटून बसतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. घाबरू नका. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी असल्यामुळे हळदीचा रंग बदलतो. डाग पुसून तेथे ऊन येऊ द्या. उन्हाने हळदीचा रंग हळूहळू फिका पडतो.

वासाचे काय? लहान बाळाने किंवा मांजराने फरशीवर लघवी केली, तर जिवाणूंमुळे तिच्यातून अमोनिया तयार होतो. सुगंधी द्रव शिंपडून तो वास फक्त झाकला जातो. आधी फडक्याने ओल टिपून घ्या. मग फरशीच्या सांध्यांतही साबण आणि भरपूर पाणी पोहोचू द्या. शेवटी जागा पूर्ण कोरडी करा.

पावसाळ्यात भिंतीवर काळे ठिपके दिसतात. ती बुरशी असते. दम्याच्या रोग्यांना तिचा त्रास होतो. नाकाला कापड बांधून ती साबणाच्या पाण्याने पुसावी आणि भिंत वाळू द्यावी. भिंतीवर पांढरी पूड आली, तर तो लोणा होय. विटांतील क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हा लोणा पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडावा. पण बुरशी काय किंवा लोणा काय, वरून रंग देऊन भागत नाही. गळका नळ, फुटलेला पाइप किंवा छताची भेग शोधून आधी दुरुस्त करावी लागते. कपाट भिंतीपासून थोडे दूर ठेवावे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे हाच वायू शस्त्र म्हणून वापरला गेला होता. तोच वायू बंद न्हाणीघरात तयार झाला, तर जीव धोक्यात येऊ शकतो. लघवीच्या डागावरही ब्लीचिंग पावडर टाकू नका. अमोनियाशी मिळून तिच्यातूनही घातक वायू बनतो. सफाई करताना डोळे चुरचुरले किंवा खोकला आला, तर सगळे तेथेच टाकून मोकळ्या हवेत या आणि मोठ्या माणसांना हाक मारा. त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा.

घराची सफाई हे एकट्या आईचे काम नाही. पुढच्या वेळी तुम्हीही हातात फडके घ्या. मात्र घासायला लागण्यापूर्वी क्षणभर डागाकडे नीट पाहा. घरात कोणी ॲसिडची बाटली उघडत असेल, तर हे सारे त्यांनाही समजावून सांगा.