चिंधीपासून चंद्रापर्यंत

प्रत्येक घरात एक बोचकं असतं. त्यात आईची विरलेली सुती साडी, ब्लाऊज शिवून उरलेला खणाचा तुकडा, जुन्या सदऱ्याची बटणं आणि अर्धा उसवलेला स्वेटर. टाकवतही नाही, वापरातही येत नाही. त्या बोचक्यात एक बटवा, एक दुपटं, दोन-चार अभ्रे आणि जगाचा बराचसा इतिहास दडलेला असतो. शिवणाची सुई, क्रोशाची सुई आणि दोरा एवढ्या भांडवलावर माणसाने काय काय करून ठेवलं, त्याच्या या गमतीजमती. वाचता वाचता हात शिवशिवू लागले, तर शेवटी करून बघायलाही काही दिलं आहे.

सुई आधी, शेती नंतर

सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत पक्ष्याच्या हाडापासून घडवलेली, नेढं पाडलेली सुई सापडली आहे. अशा सुया ४० हजार वर्षांहून जुन्या असल्याचं संशोधक मानतात. शेती सुरू झाली ती साधारण १०-१२ हजार वर्षांपूर्वी, आणि चाक त्याच्याही नंतर. म्हणजे माणूस धान्य पेरायच्या कितीतरी आधी दोरा ओवत होता. कातड्याला कातडं जोडून अंगाबरोबर बसणारे कपडे शिवता आले, म्हणून तो कडाक्याच्या थंडीत टिकला.

खाचरांसारखं चीवर

बौद्ध भिक्खूंचं चीवर अखंड कापडाचं नसतं, तुकडे जोडून शिवलेलं असतं. विनयपिटकातली कथा अशी : मगधातली बांधांनी आखलेली भाताची शेतं पाहून बुद्धांनी आपल्या शिष्याला, आनंदाला, विचारलं, असं चीवर बेतता येईल का? आनंदाने ते बेतलं. जोडाच्या शिवणी म्हणजे बांध आणि मधले तुकडे म्हणजे खाचरं. आजही चीवरावर ती रचना दिसते.

गज, कात्री आणि गुरुग्रंथ

संत नामदेव शिंपी समाजातले. त्यांच्या पदांत गज, कात्री, सुई आणि दोरा भक्तीच्या प्रतिमा होऊन येतात. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांच्या ६१ रचना आहेत. पंढरपूरच्या वाटेवरची शिंप्याची हत्यारं अशी थेट पंजाबात पोहोचली.

गोधडी ऊबदार का?

गोधडीची ऊब कापडापेक्षा हवेमुळे जास्त असते. एकावर एक अंथरलेल्या थरांमध्ये हवा कोंडली जाते आणि ती अंगाची उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही. धावदोरा थर जागच्या जागी धरून ठेवतो, म्हणून आतलं कापड एका कोपऱ्यात गोळा होत नाही. टाके जवळजवळ असतील तर गोधडी टिकाऊ होते, फार घट्ट ओढले तर आतली हवाच दबते. म्हणून जाणत्या बायका दोरा ताणत नाहीत, नुसता बसवतात.

गोधडी करायची ती जुन्या लुगड्यांची. नऊवारी लुगडं आठ मीटरहून लांब. दोन विरलेली लुगडी म्हणजे वरची आणि खालची बाजू झाली, मध्ये धोतरं, सदरे, परकर. कुठे तिला वाकळ म्हणतात, कुठे गोधडी. बाळाच्या दुपट्यासाठी जुनंच कापड घेतात, त्यालाही पक्कं कारण आहे. शंभर धुण्यांनंतर सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, जायचा तो रंग गेलेला असतो, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. उरतो तो फक्त मऊपणा.

चार मुलूख, एक टाका

बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, जपानचा साशिको आणि आपली गोधडी, चौघांचा मुख्य टाका एकच : धावदोरा. कांथ्यासाठी जुन्या साड्यांच्या काठांतून रंगीत धागे ओढून काढत, म्हणजे कापडही जुनं आणि दोराही जुनाच. साशिको या शब्दाचा अर्थ ‘छोटे छोटे टोचे’. शिवणातला सगळ्यात सोपा टाका जगाच्या इतक्या कोपऱ्यांत कलेला पुरला, ही गोष्ट नवशिक्यांनी मनात पक्की धरावी.

फुलं नाहीत तर गोधडी अपुरी

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हळियाळच्या रानात सिद्दी समाज राहतो. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले आणि तिथून निसटून घाटावरच्या जंगलात आले. आजही कित्येक घरांत कोकणी बोलली जाते. सिद्दी बायकांची गोधडी कडेपासून सुरू होते आणि फेरा मारत मारत मध्याकडे जाते. शेवटी चार कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची छोटी त्रिकोणी ‘फुलं’ बसतात. ती लागेपर्यंत गोधडी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

क्रोशा : एका वेळी एकच टाका जिवंत

क्रोशा हा शब्द फ्रेंच आहे, अर्थ ‘छोटा आकडा’. दोन सुयांवरच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर ताटकळत असतात. एक निसटला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात मात्र सुईवर बहुतेक वेळ एकच टाका मोकळा असतो, बाकीचे बंद झालेले असतात. म्हणून दूध उतू जायला लागलं तर हातातलं काम खुशाल खाली ठेवावं. चूक झाली तर तो एक टाका सोडून दोरा ओढावा. विणलेलं सगळं सरसर उसवतं, गुंडा पुन्हा पहिल्यासारखा होतो. चूक करायला इतका कमी खर्च येणारी कला विरळाच.

यंत्राला न जमलेलं काम

स्वेटर यंत्रावर विणले जातात, लेस यंत्रावर निघते. क्रोशाचा ढीगभर माल काढणारं यंत्र मात्र अजून एकाही कारखान्यात नाही. प्रत्येक टाक्याला आकडा वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात घालावा लागतो. दुकानात खऱ्या क्रोशाची वस्तू दिसली, तर ती कुणीतरी हातानेच विणलेली आहे हे पक्कं समजा. भाव करताना एवढं आठवलं तरी पुरे.

दुष्काळात तारणारी लेस

१८४५ पासून काही वर्षं आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि भीषण दुष्काळ पडला. मठांमधून आणि घरांमधून क्रोशाची लेस शिकवली गेली, ती परदेशी विकली गेली आणि अनेक कुटुंबांच्या पोटाला आधार मिळाला. फुलं, पानं वेगवेगळी विणून नंतर जाळीने जोडायची, ही त्या लेसची खूण. त्यामुळे एकच लेस अनेक घरांत वाटून विणता येई.

आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरची क्रोशाची लेस अशीच प्रसिद्ध आहे. १९व्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना ती शिकवली. आता या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. महाराष्ट्रात क्रोशाचं मानाचं ठिकाण म्हणजे लग्नातलं रुखवत. तोरण, ताटावरचे रुमाल, तांब्यावरची मण्यांची झाकणी अशा वस्तूंमधून नवरीच्या घरच्यांचा हात पाहुण्यांना दिसतो.

गणिताला लोकरीने वाट दाखवली

भूमितीत एक पृष्ठभाग असा आहे की तो सगळीकडे बाहेर फाकतच जातो. त्याला अपास्तीय प्रतल म्हणतात. त्याच्या कागदी प्रतिकृती हाताळताना फाटायच्या. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लॅटव्हियन गणितज्ञ डाइना टायमिना यांनी लहानपणी शिकलेला क्रोशा बाहेर काढला. प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत गेल्या आणि ते प्रतल लोकरीत हातात आलं! विद्यार्थी ते दुमडू शकले, त्यावर रेघा शिवून पाहू शकले. पुढे २००५ पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी हेच तंत्र वापरून लोकरीची प्रवाळबेटं विणायला सुरुवात केली. समुद्रातल्या प्रवाळांच्या झालरीही त्याच आकाराच्या असतात.

फुटबॉलच्या मैदानाहून मोठी चादर

२०१६ मध्ये चेन्नईत क्रोशाच्या चादरीचा गिनीज विक्रम झाला. क्षेत्रफळ ११ हजार चौरस मीटरहून जास्त, म्हणजे फुटबॉलच्या दीड मैदानाएवढं. अनेकींनी आपापल्या घरी विणलेले तुकडे एकत्र जोडून ती चादर उभी राहिली. एकेकीच्या वाट्याला आलेलं काम मांडीवर मावणारं होतं.

नेढं टोकाला नेलं आणि यंत्र चाललं

हाताच्या सुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं पुढे टोकापाशी. टोकाशी नेढं असल्यामुळे सुई कापडातून पुरी आरपार न जाताही दोरा खाली पोहोचवते आणि तिथे बॉबीनचा दुसरा दोरा त्यात अडकतो. अशा दोन दोऱ्यांच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत एलियस हाव यांनी १८४६ मध्ये घेतलं. आयझॅक सिंगर यांचं पेटंट १८५१चं. हाव कोर्टात गेले आणि सिंगरना त्यांना पैसे मोजावे लागले. सिंगर कंपनीने पुढे मशीन हप्त्यांवर विकायला काढलं आणि ते सामान्य घरांत शिरलं.

त्याआधी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३०मध्ये यंत्राचं पेटंट घेतलं होतं. पोट जाईल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातली यंत्रं फोडली. अमेरिकेतल्या वॉल्टर हंट यांनीही हावच्या आधी असं यंत्र केलं होतं, पण पेटंट घेतलं नाही. याच हंटनी १८४९मध्ये सेफ्टी पिन शोधली आणि १५ डॉलरचं कर्ज फेडण्यासाठी तिचे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. साडीच्या निऱ्यांना जी पिन लावतो, ती अशी कर्जापोटी जन्माला आली.

यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एक अपवाद सांगितला, तो शिवणयंत्राचा. सिंगरनी बायकोचे कष्ट पाहून ते केलं, त्यामागे प्रेम आहे, असं गांधीजींचं म्हणणं होतं.

सुईचे उलटे नंबर

हाताच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. मशीनच्या सुईवर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातल्या ९०चा अर्थ जाडी ०.९० मिलिमीटर. मलमलीला ११ नंबर आणि जीनच्या जाड कापडाला १६ नंबर, एवढं लक्षात ठेवलं तरी सुया मोडायच्या कमी होतात.

चंद्रावरची टीप

१९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांचे पोशाख अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या ज्या कंपनीने शिवले, तिचा एक विभाग बायकांची अंतर्वस्त्रं करत असे. तिथल्याच कुशल शिवणकामगार बायकांनी मशीनवर बसून ते शिवले. एकावर एक २१ थर होते आणि टीप एक मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे जाऊन चालणार नव्हती. थरांवर थर घालून पक्के शिवायचे, हे गोधडीचंच तत्त्व.

आणि २०१३मध्ये कॅरेन नायबर्ग या अंतराळवीर बाईंनी अंतराळ स्थानकात चक्क गोधडीचा एक चौकोन शिवला. कापड जमिनीवर पसरून बेतायची सोय नाही, कारण ते तरंगतं! त्यांनी पृथ्वीवरच्या लोकांना ताऱ्यांचे चौकोन शिवून पाठवायला सांगितलं आणि दोन हजारांहून जास्त चौकोन आले.

आता करून बघा

१. *बटवा :* २० सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर लांब खणाचा तुकडा घ्या. सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडा. वरून ४ सेंटिमीटर सोडून दोन्ही बाजूंना उलटी टीप घाला. तोंडाशी नेफा दुमडून शिवा, सुलटा करा, नाड्या ओवा.

२. *गरम भांड्याचं फडकं :* जुन्या सुती कापडाचे वीतभर लांबी-रुंदीचे पाच-सहा थर एकावर एक ठेवा. कडा आत दुमडा आणि सिद्दी बायकांसारखा कडेपासून मध्याकडे धावदोरा घाला. कापड सुतीच हवं, नायलॉन किंवा पॉलिएस्टर आचेने वितळतं.

३. *पेल्याखालची चकती :* सहा साखळ्या घालून गोल जोडा. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६. फेरीला १२ खांब वाढले तर चकती सपाट बसते. कमी वाढले तर वाटी होते. फारच वाढले तर झालर पडते, आणि तीच झालर टायमिनाबाईंचं गणित.

शिवताना दोरा हाताच्या लांबीएवढाच घ्या, लांब दोरा गुंततो. तो मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर आणखी बरं.

आपल्याकडच्या लोककथेत कृष्णाच्या बोटातून रक्त आलं तेव्हा द्रौपदीने अंगावरच्या भरजरी वस्त्राची चिंधी फाडून बांधली. त्या चिंधीचं मोल देवाने जन्मभर मानलं. आपल्या बोचक्यातल्या चिंध्यांनाही तसा मान द्या. मोठी गोधडी, मोठा सेट, मोठा बेत यांची वाट पाहू नका. एक वस्तू निवडा, वीतभर असली तरी चालेल, पण ती पुरी करा. आणि घरातल्या मुलालाही, मुलीलाही, निदान सुईत दोरा ओवून धावदोरा घालायला शिकवा. ४० हजार वर्षं हातातून हातात आलेली ही विद्या आपल्या घरात थांबता कामा नये.