खोडदच्या डिश आणि विश्वाच्या तारा

अकरावी सायन्सला गेलेल्या आमच्या मुलीने परवा जेवताना विचारले, “अब्बू, सुपरस्ट्रिंग सिद्धांत खरा आहे का? मला तेच शिकायचंय.” शेजारी बसलेल्या तिच्या फुफी म्हणाल्या, “ज्याचा पुरावा नाही, ते शिकून काय करणार?” दोन्ही प्रश्न रास्त होते. आम्ही वाचायला बसलो.

आइन्स्टाइनचा सिद्धांत ग्रहताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण समजावतो, तर क्वांटम सिद्धांत अणूच्या आतले जग. दोन्ही आपापल्या जागी चोख आहेत. पण कृष्णविवराच्या पोटात दोन्ही एकदम वापरावे लागतात, तेव्हा गणित कोलमडते. सुपरस्ट्रिंग सिद्धांत म्हणतो, मूलकण हे ठिपके नसून अतिसूक्ष्म तारा आहेत. सतारीची एक तार अनेक सूर देते, तशी या तारेची निरनिराळी कंपने म्हणजे निरनिराळे कण. गुरुत्वाकर्षणाचा कणही त्यांत आपोआप येतो. मात्र त्यासाठी काळ धरून दहा मिती लागतात. त्यांतल्या सहा गुंडाळलेल्या असाव्यात.

या तारा इतक्या लहान की कोणत्याही यंत्राला दिसणार नाहीत. पण विश्वाच्या प्रसरणाबरोबर काही तारा ताणल्या जाऊन अवकाशभर पसरल्या असतील, तर त्यांच्या हालचालीने गुरुत्वीय लहरी उठतील.

इथे आपले पुणे येते. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. पल्सार नावाचे तारे घड्याळासारखे नियमित स्पंद पाठवतात. मधून गुरुत्वीय लहर गेली, तर स्पंद किंचित मागेपुढे होतात. २९ जून २०२३ रोजी भारतीय, युरोपीय, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी गटांनी अशा लहरींच्या खुणा जाहीर केल्या. भारतीय गटाची निरीक्षणे खोडदची होती. अमेरिकी गटाने १५ वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या.

या लहरी बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे उठतात. ताणलेल्या तारा ही दुसरी शक्यता. ती अजून सिद्धही नाही, बादही नाही.

मुलीला आम्ही तेच सांगितले: खरा की खोटा, अजून ठरलेले नाही. फुफींना म्हणालो, “आपा, पुरावा नाही म्हणूनच शोधणारे हवेत.” त्या हसल्या आणि मुलीला म्हणाल्या, “मग आधी गणित पक्कं कर.”