पाइपच्या सांध्याचा मागोवा

फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सँ-क्लोद गावात १८५०च्या दशकात ब्रायरचे पाइप घडू लागले. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी धरणारी गाठ. ती विस्तवाला सहज दाद देत नाही. त्यामुळे तंबाखू जळते त्या वाटीचा प्रश्न मिटला. वाटीच्या दांडीला तोंडात धरायची नळी जिथे जुळते, तो सांधा मात्र कारागिरांना छळतच राहिला.

१८५१ मध्ये नेल्सन गुडइयरने कडक रबराचं, म्हणजे एबोनाइटचं पेटंट घेतलं. पुढे नळ्या याच एबोनाइटच्या होऊ लागल्या. नळीच्या टोकालाच लेथवर कुसू, म्हणजे बारीक गोल खुंटी, काढायचं आणि ते दांडीच्या भोकात दाबून बसवायचं. काम सुटसुटीत, पण ओढताना येणारा ओलावा दांडीत जिरतो, लाकूड फुगतं आणि कुसू आवळलं जातं. त्यात एबोनाइट तापलं की मऊ पडतं. गरम पाइपची नळी कुणी पिरगाळून उपसली, की एक तर कुसू मोडायचं, नाहीतर दांडी उभी चिरायची.

मला सर्वांत पटलेला तोडगा डब्लिनच्या पीटरसन पाइपांवर दिसतो. तिथे नळीचं टोकच निमुळतं असतं आणि दांडीच्या तोंडाला धातूचं कडं, बऱ्याचदा चांदीचं. निमुळतं टोक जरासं हललं की मोकळं होतं, आणि कडं लाकडाला फाकू देत नाही. गिऱ्हाईक त्याला दागिना समजतं, तो भाग वेगळा!

१९६०च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीचं डेलरिन हे प्लास्टिक बाजारात आलं आणि पुढे हाताने पाइप घडवणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याची कांडी नळीत चिकटवून कुसू करायला सुरुवात केली. ते चिवट असतं, सहसा मोडत नाही. पण कुसू मोडत नाही म्हटल्यावर सगळा ताण दांडीवर येतो. म्हणून भिंत पातळ ठेवून नाजूक दांडी मिरवण्याचा मोह इथे महागात पडतो.

बारीक कामं मात्र जुनीच आहेत. लाकूड चौकोनी असतानाच भोक पाडायचं, म्हणजे ते दांडीच्या तोंडाशी काटकोनात बसतं. कुसू जिथे नळीच्या खांद्याला मिळतं, तिथे धारदार कोपरा न ठेवता किंचित गोलाई द्यायची, कारण तडा तिथूनच निघतो. ती गोलाई सामावण्यापुरती भोकाची कडही उतरवायची. भोक कुसवापेक्षा केसभर खोल हवं. ते उथळ राहिलं तर कुसू तळाला टेकतं आणि खांद्याशी फट उरते.

मोडलेलं कुसू बदलता येतं. आत अडकलेल्या तुकड्यात स्क्रू फिरवून तो ओढून काढतात, नळीचं टोक सपाट करून भोक पाडतात आणि नवी कांडी चिकटवतात. चिरलेल्या दांडीला मात्र बाहेरून कडं चढवण्यावाचून फारसा इलाज नाही.