पिंजऱ्यांतील पक्ष्याचीं पिसें कां गळतात?

आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या घरीं पिंजऱ्यांत दोनचार रंगीत चिमुकले पक्षी असतात. बाजारांत ते 'लव्हबर्ड' म्हणून विकले जातात. परंतु खरे लव्हबर्ड आफ्रिकेंतले. हे बहुधा बजरीगर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या माळरानांवरील लहान पोपट होत. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें ते १८४० सालीं जिवंत इंग्लंडांत नेले. (आपल्या रानांतील हिरवा पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.)

एखाद्या सकाळीं पिंजऱ्याच्या तळाशीं पिसांचा सडा दिसतो आणि घरांत घबराट उडते. पक्ष्यास खरूज झाली असें म्हणून कोणी हळद लावतो, कोणी खोबरेल तेल चोपडतो. यांतले पुष्कळ पक्षी मुळीं आजारी नसतात; तेलानें मात्र आजारी पडतात.

पीस हें आपल्या केसांप्रमाणें केराटिन नांवाच्या द्रव्याचें असतें. वाढ पुरी झाली म्हणजे त्यांतील रक्तप्रवाह थांबतो व तें निर्जीव होतें. मग तें झिजलें किंवा मोडलें तरी सांधलें जात नाहीं. म्हणून उत्पन्नकर्त्यानें तें पालटण्याची सोय केली आहे. दुधाचा दांत जसा नव्या दातानें ढकलला जातो, तसें जुनें पीस खालून येणाऱ्या नव्या पिसानें बाहेर लोटलें जातें. पंखांतील मोठीं पिसें डाव्याउजव्या बाजूंस थोडथोडीं, जोडीनें गळतात; त्यामुळें उडतांना तोल जात नाहीं. बदकें मात्र हीं सर्व पिसें एकदम टाकतात व कांहीं आठवडे त्यांस उडतां येत नाहीं. कोंबडी पिसें टाकूं लागली कीं अंडीं देणें थांबवते, हें खेड्यांतील मुलांस सांगावयास नको. पीस बहुतेक सर्व प्रथिनांचेंच असतें, आणि एकाच शिध्यांत दोन संसार चालत नाहींत.

बजरीगराच्या पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत आडव्या काळ्या रेघा असतात. तें तीनचार महिन्यांचें झालें कीं पहिल्या पालटांत त्या जाऊन कपाळ स्वच्छ होतें. याच सुमारास डोक्यावर टांचणीसारखे कांटे दिसतात. ते किडे नव्हेत. वेष्टनांत गुंडाळलेलीं कोंवळीं पिसेंच तीं. त्यांत रक्त वाहत असतें, म्हणून कधींही उपटूं नयेत. एखादें मोडून रक्त आलें तर स्वच्छ कापूस हळूच दाबून धरावा, व न थांबल्यास तत्काळ पशुवैद्य गांठावा. मूठभरही नसलेल्या जिवाचें थोडें रक्तही फार असतें.

मग रोग ओळखावा कसा? साध्या पालटांत पिसें विरळ होतात, पण कातडी उघडी पडत नाहीं. छाती व पाय उघडे पडले आणि डोकें मात्र गुळगुळीत राहिलें, तर पक्षी स्वतःचींच पिसें उपटीत आहे असें समजावें, कारण डोक्यापर्यंत त्याची चोंच पोहोंचत नाहीं. याचें कारण कधीं आंतील आजार असतो, पुष्कळदां एकांत व कंटाळा. थव्यानें राहणाऱ्या जातीच्या पक्ष्यास दिवसभर रिकाम्या घरांत कोंडल्यावर त्यानें दुसरें करावें तरी काय? डोक्याचींच पिसें गेलीं तर सोबत्याच्या चोंचीकडे पाहावें. चोंचीभोंवतीं स्पंजासारखी खपली दिसली तर ती सूक्ष्म किड्यांची करणी असते व औषधानें बरी होते. परंतु नवीं पिसें आंखूड व वेडींवांकडीं येऊं लागलीं तर विषाणूचा रोग असूं शकेल. त्या पक्ष्यास आधीं निराळें ठेवावें.

आतां तेलाविषयीं. पिसांचे तंतु बारीक आंकड्यांनीं एकमेकांत अडकलेले असतात आणि त्यांखालीं ऊबदार हवा कोंडलेली असते. तेलानें तें सर्व चिकटून बसतें, व सुमारें ४१ अंश सेल्सिअस उष्णतेचें तें शरीर एका पावसाळी रात्रींत गारठतें. त्यापेक्षां पसरट भांड्यांत पाणी ठेवावें. पक्षी आपलें आपण स्नान करील. नुसत्या राळ्यांवर त्यास ठेवूं नये. त्यांत जीवनसत्त्व 'अ' जवळजवळ नसतें. धुतलेली कोथिंबीर, किसलेलें गाजर, मोड आलेलें धान्य व उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. रात्रीं दिव्याखालीं पिंजरा ठेवूं नये. दिवसाच्या लांबीवरून पक्ष्याचें शरीर आपला काळ ठरवीत असतें.

गळलेलें पीस केरांत टाकण्यापूर्वीं उजेडाकडे धरून पाहावें. त्यावर आडव्या फिक्या रेघा असतील तर तें पीस वाढत असतांना पक्ष्यास उपास, भय किंवा आजार भोगावा लागला असावा. असें पीस कागदांत ठेवून पशुवैद्यास अवश्य दाखवावें.