विकृत चयापचयातील मूत्रद्रव्यांची परिभाषा

जन्मजात चयापचय-विकारांच्या विवेचनात द्रव्य, मूत्रलक्षण आणि रोग या तीन गोष्टी भिन्न आहेत. परंतु रूढ पाश्चात्त्य नावांतच त्यांची सरमिसळ असल्याने ती मराठीत जशीच्या तशी उतरण्याचा संभव असतो. बोडेकर याने इ. स. १८५९ मध्ये मूत्रातील एका क्षपणकारी द्रव्यास ‘अल्कॅप्टोन’ म्हटले. ते द्रव्य होमोजेंटिसिक अम्ल होय, असे वोल्कोव्ह व बाउमान यांनी १८९१ मध्ये दाखविले. तरी रोगाचे नाव ‘अल्कॅप्टोनयुरिया’ असेच राहिले.

फेनिलकीटोनयुरियाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १९३४ मध्ये नॉर्वेतील फॉलिंग यांना मतिमंद बालकांच्या मूत्रात फेरिक क्लोराइड घालताच हिरवा रंग आढळला. हा रंग फेनिलपायरुव्हिक अम्लाचा होता. या नावातील ‘कीटोन’ म्हणजे हेच कीटो-अम्ल होय. मधुमेहातील अॅसिटोनादी द्रव्यांशी त्याचा संबंध नाही. अॅसिटोअॅसिटिक अम्ल त्याच अभिकारकाने मद्यासारखा तांबडा रंग देते. यास्तव ‘कीटोनमेह’ ही संज्ञा येथे सर्वस्वी त्याज्य ठरते.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. नवजात अर्भकाच्या रक्तात फेनिलअॅलॅनिन वाढलेले असूनही मूत्रात कीटो-अम्ल काही आठवडे दिसत नाही. तेवढ्या काळात मेंदूची हानी होऊ लागते. आणि फेनिलअॅलॅनिन अल्प असलेला आहार लवकर सुरू केल्यास ती टळते. म्हणूनच गथ्री यांची १९६३ मधील चाचणी रक्ताची होती. रोगाच्या नावावर विसंबून मूत्राची वाट पाहणे बालकास घातक होय.

या विवेचनावरून पुढील नियम सुचतात. पहिला, रासायनिक द्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे लिप्यंतराने तशीच ठेवावीत. दुसरा, मूत्रातील आढळासाठी ‘मूत्रता’ व रक्तातील आधिक्यासाठी ‘अतिरक्तता’ हे प्रत्यय योजावेत. ‘मेह’ हा शब्द आयुर्वेदातील प्रमेहामुळे रोगवाचक झाला असल्याने तो टाळावा. तिसरा, रोगाचे नाव शक्य तेथे एंझाइमाच्या किंवा वहनाच्या दोषावरून द्यावे. सिस्टिनमूत्रतेत वृक्कनलिकांतील वहनाचा दोष असतो, तर सिस्टिनोसिसमध्ये सिस्टिन पेशींत साचते. केवळ द्रव्यनामाने हा भेद व्यक्त होत नाही.

संज्ञा निश्चित असेल, तरच प्रयोगशाळेचा अहवाल आणि वैद्याचा निर्णय एकाच अर्थाने बोलतील.