बनावट इलेक्ट्रॉनिक भाग व पुरवठादाराची पारख

अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या लेखा कार्यालयाने एक काल्पनिक कंपनी उभी केली आणि तिच्या नावाने लष्करी साधनांत लागणारे १६ इलेक्ट्रॉनिक भाग इंटरनेटवरील विक्रेत्यांकडून मागविले. फेब्रुवारी २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकही भाग अस्सल निघाला नाही. त्यांपैकी ४ भागांचे क्रमांक तर निव्वळ कल्पित होते; जी वस्तू कोणत्याही कारखान्यात कधी घडलीच नाही, तीही विक्रेत्यांनी बिनदिक्कत पाठवून दिली! त्याच वर्षी सिनेटच्या एका समितीच्या चौकशीत नौदलाच्या हेलिकॉप्टरांवरील रात्रदर्शक साधनांतही बनावट ट्रांझिस्टर असल्याचे उघड झाले.

अशा मालाला गिऱ्हाईक मिळते, याचे कारण साधे आहे. विमान ३०-४० वर्षे सेवेत असते. त्यातील चिपचे उत्पादन मात्र थोड्याच वर्षांत बंद पडते. मग दुरुस्तीसाठी खरेदीदार दलालाकडे वळतो, आणि त्या दलालामागे आणखी किती दलाल आहेत हे त्याला कळत नाही.

नकली भाग पुष्कळदा मुळात खराच, पण वापरून टाकलेला असतो. भंगारातील फलक तापवून त्यांवरील चिप उपटतात, पृष्ठभाग घासून जुनी अक्षरे काढतात आणि काळा लेप देऊन वर नवा क्रमांक व अलीकडची तारीख छापतात. उष्णता, ओलावा व स्थितिक विद्युत यांनी आत झालेली इजा बाहेरून दिसत नाही. असा भाग पहिल्या चाचणीत उत्तीर्ण होऊन पुढे ऐन उड्डाणात दगा देऊ शकतो. लेप विद्रावकाने पुसून पाहता येतो, आतील रचना क्ष-किरणांनी तपासता येते. आम्लाने आवरण विरघळविल्यास तर आतील खूणच वाचता येते. परंतु ती चिप मग निकामी होते. म्हणून थोड्या नमुन्यांवरून साऱ्या मालाचा अंदाज बांधावा लागतो, आणि एकाच पेटीत खरे-खोटे मिसळलेले असल्यास तो फसतो.

यास्तव वस्तूइतकीच, ती कोणाकोणाच्या हातांतून आली याची चौकशी आवश्यक ठरते. शक्य तोवर खरेदी मूळ उत्पादकाकडून वा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी, आणि उत्पादन बंद होण्याची सूचना मिळताच पुढील गरजेपुरता साठा करून ठेवावा. दलालावाचून गत्यंतरच नसेल, तर प्रत्येक हस्तांतराची कागदपत्रे मागावीत व चाचणीचा खर्च किमतीतच धरावा. संशयित माल विक्रेत्याला परत करणे, हा मात्र घातक शिष्टाचार होय. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या माथी मारला जातो. असा माल कुलूपबंद ठेवून इतर खरेदीदारांस व संबंधित अधिकाऱ्यांस त्वरित कळवावे लागते.